दोन वशिंडांचा ढीग

बटाट्याची काढणी सुरू झाली त्या दिवशी थोरलीने ठरवलं होतं की धाकटीच्या तुकड्याकडे मान वळवून बघायचं नाही. बघायचं म्हटलं तरी दिसलं नसतं, कारण धाकटीचा तुकडा ओढ्यापलीकडे, बांबूच्या आड होता. पण कान कोण बंद करणार? ओढ्यापलीकडून धाकटीचं हसणं येत होतं. कुदळ मारताना माणूस हसतं कसं, हेच थोरलीला कळत नव्हतं. तिची स्वतःची कंबर सकाळपासून धरली होती, बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यांत माती बसली होती, आणि सरीत वाकलं की ऊन थेट मानेवर येत होतं.

"आज पलीकडे चांगलाच रंग भरलाय," तिचा नवरा पोतं उचलता उचलता म्हणाला.

"रंग भरायला काय लागतं? नवरा शेजारी असला की भरतो," थोरली म्हणाली.

"मी शेजारीच आहे की तुझ्या."

"तुम्ही पोतं उचला."

त्याने पोतं उचललं. बायकोला लावणीपासून कशाने ग्रासलं आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावर बोलून काही उपयोग नाही हेही.

या घरचं काम बियाण्याचं. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक खायला बटाटे कुठूनही घेत, पण लावायला घ्यायचे तर याच घरचे घेत. ही पत सासूने कमावली होती. सासरा लवकर गेला, दोन पोरं पदरात, आणि या बाईने रोप बघून, बटाट्याचे डोळे बघून, तो कापून बघून एकेक माणूस जोडलं. पण यंदा पाऊस संपता संपता तिच्या कंबरेने दगा दिला. काठीशिवाय उठणं होईना. तेव्हा तिने दोन्ही सुनांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं, "शेत अर्धं अर्धं करा. एक तुकडा थोरलीचा, एक धाकटीचा. बियाणं एकच, खत एकच. बियाणं पास करणारे तपासनीस साहेब आले की दोघींचे ढीग बघतील. ज्या ढिगातून बियाणं ठेवायला सांगतील, तिच्या हातात पुढचं बियाण्याचं काम. मग मला विचारायला यायचं नाही."

थोरलीला हे ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती या बाईच्या मागे सरीसरीतून फिरली होती. लावणी, रोपांना मातीची भर देणं, रोगट रोप उपटणं, सगळं. आणि धाकटी? तिच्या माहेरी कापडाचं दुकान. आली तेव्हा बटाटा झाडाला लागतो की मुळाला, हे तिला विचारावं लागलं होतं, आणि तिने ते सगळ्यांसमोर हसत हसत विचारलंही होतं. अशा बाईच्या बरोबरीने आपला ढीग मांडायचा. कामाचा वाटा सरळ हातात द्यायचा सोडून परीक्षा लावली. ती कोणामुळे लावली, हेही थोरलीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

कारण सासूचा ओढा धाकटीकडे आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कंबरेला तेल लावायचं तर हाक धाकटीला. चहा कडू झाला तरी धाकटीचा चालायचा. धाकटी सासूची नक्कल करायची, काठी टेकून, ओठ मुडपून, आणि सासू रागवायची सोडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. थोरलीने अशी नक्कल केली असती तर? पण थोरली नक्कल करणारच नव्हती. तिने या बाईला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, कधी तिच्या ताटात गार भाकर वाढली नव्हती, आणि त्याचं काय झालं तर तिचं असणं गृहीत धरलं गेलं. हे सगळं तिच्या पोटात होतं, आणि ते रोज थोडं थोडं तापत होतं.

गोठ्याला लागून बियाण्याची खोली होती. लांबट, एका बाजूला खिडकी, आणि दोन्ही लांब भिंतींना फळ्या ठोकून केलेले खण. प्रत्येक भिंतीला सात, सगळे सारख्याच रुंदीचे. खोलीच्या मध्ये भोकांची फळी मांडलेली. फळीला लहानापासून मोठ्यापर्यंत गोल भोकं. बटाटा हातात घ्यायचा, ज्या भोकातून जेमतेम जाईल ते बघायचं आणि त्या नंबरच्या खणात टाकायचा. अगदी गोट्यांसारखे पहिल्या खणात, मुठीएवढे सातव्यात. टाकत गेलं की प्रत्येक खणात ढीग चढतो, आणि दारातून बघितलं की भिंतीशी एक डोंगर दिसायला लागतो. कुठे उंच, कुठे बुटका.

सासूने या डोंगरांना नावं पाडली होती. नेहमीच्या चांगल्या पिकाचा ढीग मध्ये उंच असतो आणि दोन्हीकडे उतरत जातो, बैलाच्या पाठीवर वशिंड असावं तसा. तो एका वशिंडाचा. पाणी कमी पडलं त्या साली ढिगाचं सगळं वजन बारक्या खणांकडे सरकलं होतं आणि मोठ्यांच्या बाजूला बारीक शेपूट उरलं होतं, तो शेपटाचा. एकदा बाहेरून आणलेल्या बियाण्यात दुसरी जात मिसळून आली होती. त्या साली खोलीत दोन वशिंडं उभी राहिली आणि मध्ये खळगा पडला. सासूने तो सगळा माल खाण्यासाठी विकून टाकला आणि ज्याने बियाणं दिलं होतं त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. दोन वशिंडं म्हणजे भेसळ, हे या घरात लहान मुलालाही तेव्हापासून माहीत झालं.

निवडायला बसल्यावर दोघी जावांचे हात फळीच्या दोन बाजूंनी चालत होते. डावी भिंत थोरलीची, उजवी धाकटीची. सासू दारात स्टुलावर, काठी मांडीवर आडवी. धाकटीचा हात सावकाश चालायचा, बटाटा दोन-दोन भोकांत घालून बघायची. थोरलीला भोक लागायचंच नाही, तळव्यावर बसला की नंबर कळायचा. तिने दोन पोती संपवली तेव्हा धाकटीचं एक अर्धं झालं होतं. हे सासूच्या लक्षात येईल म्हणून थोरलीने एकदा सासूकडे बघितलं. सासू धाकटीकडे बघत होती.

"अगं, तो पाचात नाही जात," सासू म्हणाली. "सहात टाक."

"मी दाबून बसवते ना आई," धाकटी म्हणाली.

"बटाटा आहे तो, तुझा नवरा नव्हे."

धाकटी हसली, सासू हसली. थोरलीने हातातला बटाटा चौथ्या खणात जरा जोरातच टाकला.

संध्याकाळी शेजारीण आली. हिला सगळे बातमीदार म्हणत, कारण एका घरी शिंकलं की ती दुसऱ्या घरी नाक पुसायला सांगायची. ती दारात उभी राहिली, दोन्ही भिंतींवर नजर फिरवली आणि थेट उजव्या बाजूला गेली. सहाव्या खणातला एक बटाटा उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"बाई बाई. हे कोणाचे?"

"माझे," धाकटी म्हणाली.

"तुझे? कापडवाल्याच्या पोरीने काढलेत हे? थोरले, तुझ्याकडे नाहीत का गं असे?"

"आहेत की," थोरली म्हणाली. "चार-दोन असतील."

"चार-दोनच?" बातमीदार म्हणाली, आणि तो बटाटा जागेवर ठेवून वाटेतल्या प्रत्येक दारात थांबत घरी गेली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आपली भिंत बघितली. चौथ्या खणात उंच, तिसऱ्या-पाचव्यात जरा कमी, दुसऱ्या-सहाव्यात अजून कमी, पहिल्यात आणि सातव्यात थोडे. रोज बघून बघून डोळ्यांना सवय झालेला ढीग. याच्यात उचलून हातात घ्यावं असं काही नव्हतं. आणि समोरच्या भिंतीला सहावा खण फळीच्या वर आला होता. पोती दोघींची जवळजवळ सारखी भरली होती. वजनाला दोघी बरोबरीत. पण वजन कोण बघतं, लोकांची नजर मोठ्या बटाट्यावर जाते.

मोठे बटाटे काही आपल्याला आणता येत नाहीत, असा विचार तिच्या मनात आला. आणि त्यामागोमाग दुसरा आला.

दुसऱ्या दिवशी तिची पोती निवडून संपली, आणि सगळे जेवायला घरात गेले तेव्हा ती मागे राहिली. पहिल्या खणातले आणि दुसऱ्यातले बटाटे तिने दोन पोत्यांत भरले, अगदी तळाची माती झाडून. पोती ओढत गोठ्यामागे नेली आणि सरपणाच्या आडोशाला ठेवून वर गोणपाट टाकलं. ढिगाची बारकी बाजू गेली की सगळा ढीग मोठ्यांचा वाटेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. इतकी वर्षं बियाण्यात काढलेल्या बाईने असं करावं? पण तिच्या डोळ्यांसमोर बातमीदाराच्या हातातला तो बटाटा होता आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

नवऱ्याने गोठ्यातून बघितलं. "ते बारके कुठे नेतेस?"

"जनावरांना."

"साहेब बघून गेल्यावर द्यायचे ना?"

"सगळं तुम्हालाच कळतं," ती म्हणाली, आणि तो गोठ्यात परतला.

धाकटीचंही निवडणं संपलं त्या संध्याकाळी ती एकटीच खोलीत झाडू मारत होती. खिडकीतून तिरपं ऊन उजव्या भिंतीवर पडलं होतं. झाडता झाडता ती सरळ उभी राहिली. धाकटीच्या भिंतीला तिसऱ्या खणात ढीग चढला होता, चौथ्यात उतरला होता, पाचव्यात जरासा वर गेला होता आणि सहाव्यात पुन्हा चढला होता. तिने दारात जाऊन बघितलं. मग आत येऊन चौथ्या खणाच्या फळीवर हात ठेवून बघितलं. खळगा होता. दोन वशिंडं होती.

एवढे दिवस ती त्या सहाव्या खणाकडेच बघत राहिली होती, सगळा ढीग एकदम तिने बघितलाच नव्हता. तिच्या पोटातला जाळ विझला आणि त्या जागी थंडगार काहीतरी पसरलं, उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं. भेसळ. कापडवालीने कुठून तरी मोठ्या जातीचं बियाणं आणून अर्ध्या सऱ्यांत घातलं होतं. सासूच्या डोळ्यांदेखत, सासूच्या घरात. सासूला अजून दिसलं नाही? दिसेल कसं, तिचं लक्ष नकलांवर.

त्या दिवशी थोरली जेवली चांगली. धाकटीला तिने स्वतःहून वाढलं. "घे गं, दमलीस," असंही म्हणाली. धाकटीने चमकून बघितलं आणि खरंच खूश झाली. ते बघून थोरलीला किंचित वाईट वाटलं, पण फार नाही.

तपासनीस सकाळी आला. हा उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं याच घरी येत होता आणि याच खोलीत बसून चहा घेत होता. सोबत चाकू आणि भिंग. धुकं अजून उतरलं नव्हतं, दाराशी बातमीदार आणि बियाणं न्यायला आलेले तीन-चार जण हात चोळत उभे होते. दोन्ही भाऊ भिंतीला टेकले होते. सासू म्हणाली, "बघा साहेब. दोन सुना, दोन ढीग."

"साहेब, आधी मी एक बोलू का?" थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती चारचौघांत बोलणारी बाई नव्हती.

"हे घर बियाण्याचं आहे," ती म्हणाली. "आईंनीच शिकवलंय. एक जात, एक वशिंड. ढीग मध्ये चढतो, दोन्हीकडे उतरतो. आता ही उजवी भिंत बघा. तिसऱ्यात चढलाय. चौथ्यात पडलाय. सहाव्यात पुन्हा चढलाय. दोन वशिंडं. मी कोणाला नावं ठेवत नाही. पण हे बियाणं म्हणून लोकांच्या शेतात गेलं तर नाव या घराचं जाईल."

बातमीदार पुढे सरकली. धाकटीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"मी काही मिसळलं नाही," धाकटी म्हणाली.

"मग खळगा कुठून आला?"

"मला काय माहीत खळग्याचं? मी सोळा आणे तेच बियाणं लावलंय जे तुम्ही लावलंत. पोतं तुम्हीच मोजून दिलंत जाऊबाई."

तपासनीस उठला. उजव्या भिंतीजवळ गेला, तिसऱ्या खणातले काही बटाटे घेतले, सहाव्यातले काही घेतले, जमिनीवर ओळीत मांडले. एकेक कापला. गर बघितला, सालीचा रंग बघितला, डोळे किती खोल ते भिंगाने बघितलं. थोरली त्याच्या हाताकडे टक लावून बघत होती. तिला इतकी खात्री होती की पुढे काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होती, जाऊ द्या साहेब, लहान आहे, चुकलं असेल.

"जात एकच," तपासनीस म्हणाला.

"नीट बघा," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"नीट बघितलं बाई. जात एकच आहे. भेसळ नाही." त्याने चाकू पुसला. "पण ढीग दोन वशिंडांचा आहे हे खरं. हे एका हाताचं काम नाही. कोणीतरी अर्ध्या सऱ्या दाट ठेवल्यात, फुटवे तसेच सोडलेत, भर उथळ दिलीय. ते हे बारके. आणि अर्ध्या सऱ्या कोणीतरी जाणत्या हाताने केल्यात. ते हे मोठे. कोण होतं दुसरं?"

धाकटीने सासूकडे बघितलं. तिच्या नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. थोरलीच्या नवऱ्यानेही जमिनीकडेच बघितलं.

"मी होते," सासू म्हणाली.

"तुम्ही?" थोरली म्हणाली. "तुम्हाला तर उठवत नाही."

"उठवत नाही, बसवतं ना. पोतं टाकायचं, त्यावर बसायचं, हातातली सरी झाली की पोतं पुढे ओढायचं. बांबूकडच्या सऱ्या माझ्या. ओढ्याकडच्या हिच्या. हिला म्हटलं माझं बघून कर. कुठलं करते, नुसती बडबड."

"मीच नेत होते आईंना," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही शेतात गेलात की. मला काही येत नव्हतं जाऊबाई. मी म्हटलं, आई, तुम्ही नुसत्या बसा आणि मला शिव्या द्या. तर त्या खुरपं घेऊनच बसल्या."

थोरली नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाही माहीत असेल," तो म्हणाला. "लपवलेलं थोडंच होतं."

थोरलीला वाटलं, भेसळ निघाली असती तर किती बरं झालं असतं. चोरी निघाली असती तरी चाललं असतं. त्या सहाव्या खणातला एकेक बटाटा सासूच्या हाताखालून आला होता. ती बाई रोज सकाळी काठी टेकत, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून, ओढा ओलांडून गेली होती, आणि आपण पलीकडे एकट्याने कंबर मोडत होतो. घरी येऊन संध्याकाळी त्याच कंबरेला शेक द्यायला आपणच पाणी तापवत होतो.

तपासनीस एव्हाना डाव्या भिंतीकडे वळला होता. तो खणांच्या ओळीसमोर उभा राहिला आणि रिकाम्या दुसऱ्या खणाशी वाकला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"माझा ढीग," थोरली म्हणाली.

"उजवीकडे उतरलाय. डावीकडे कडा तुटल्यासारखा थांबलाय. तिसऱ्या खणात एवढा माल आणि दुसऱ्यात एकही नाही? असं पीक येत नाही बाई. तुम्हीच आता म्हणालात, दोन्हीकडे उतरतो."

बातमीदाराने तोंडावर हात ठेवला. थोरलीला आपलेच शब्द कानात ऐकू येत होते.

"रोगट झाडाचा बटाटा बारीक राहतो," तपासनीस म्हणाला. "बारके दिसत नाहीत म्हणजे रोग दडवलाय असं मी धरतो. हा ढीग मी असा पास करू शकत नाही. बारके कुठे आहेत?"

सासू थोरलीकडे बघत होती, पहिल्यांदाच सरळ. रागाने नाही. नवल करत होती, आणि ते थोरलीला रागापेक्षा वाईट वाटलं.

"आणते," ती म्हणाली.

दारातल्या माणसांनी तिला वाट दिली. गोठ्यामागून तिने पहिलं पोतं उचलायचा प्रयत्न केला, पण कंबर उचलू देईना, म्हणून ते ओढत आणलं. अंगणातल्या ओल्या मातीत त्याचा पट्टा उमटला. नवरा पुढे आला तेव्हा तिने त्याचा हात झिडकारला. दुसऱ्या पोत्याच्या वेळी मात्र धाकटी न विचारता बाहेर आली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. थोरलीला तिचाही हात झिडकारायचा होता, पण पोतं जड होतं आणि सगळे बघत होते.

पोती तिने सगळ्यांसमोर पुन्हा फळीवर ओतली. परत एकेक बटाटा भोकातून घालायचा, कारण पोत्यात सगळे मिसळले होते. तळहाताला नंबर कळत असूनही तिने प्रत्येक बटाटा भोकात घालून दाखवला. हा पहिला, हा दुसरा, हा पुन्हा दुसरा. उभी असलेली माणसं कंटाळून बसली. धुकं उतरलं, खिडकीतून ऊन आलं. गोट्यांएवढे बटाटे पहिल्या खणात पडताना टणटण आवाज करत होते आणि प्रत्येक आवाजाला तिला जमिनीत जावंसं वाटत होतं.

संपलं तेव्हा तपासनीसाने पहिल्या दोन खणांतले मूठभर बटाटे कापून बघितले. गर पांढरा, स्वच्छ. मग तो मागे सरकला आणि पूर्ण ढीग बघितला. चौथ्यात उंच, दोन्हीकडे सारखाच उतरणारा, टोकांना थोडे थोडे.

"एका हाताचं काम," तो म्हणाला. "इतका एकसारखा ढीग मी यंदा कुठे बघितला नाही. रोग नाही, दाटी नाही, एकही सरी वेगळी पडलेली नाही. बाई, हे लपवायचं काय कारण होतं?"

थोरलीने फळीवरची माती हाताने झाडली.

"उजवीकडचा माल खायला द्या, चांगला आहे. बियाण्याला एकसारखं लागतं. बियाणं डाव्या भिंतीतून ठेवा."

त्याने चहा घेतला आणि गेला. बियाणं न्यायला आलेली माणसं आता थोरलीशी बोलायला लागली, कधी येऊ, किती मिळेल, वहिनी आमचं नाव लक्षात ठेवा. मघाशी पोतं ओढताना बघितलेली तीच माणसं. ती हो-हो म्हणत राहिली. बातमीदाराला मात्र घाई होती, तिला बरीच दारं गाठायची होती.

सगळे गेल्यावर खोलीत सासू आणि ती दोघीच उरल्या. सासू स्टुलावरच होती. थोरली उजव्या भिंतीपाशी उभी होती. जिंकली ती होती. जे वर्षानुवर्षं हवं होतं ते तिच्या हातात पडलं होतं, आणि कोणाच्या कृपेने नाही, तिच्या स्वतःच्या कंबरेवर. तरी तिची नजर त्या दुसऱ्या वशिंडावरून हलेना. आपल्या ढिगात ते नाही, हेच तिला सलत होतं. चांगला, नितळ, एका हाताचा ढीग, आणि त्यात दुसऱ्या कोणाचाच हात नाही.

"माझ्याकडे का नाही आलात?" ती म्हणाली. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं गेलं.

"आले होते की," सासू म्हणाली. "आधी तुझ्याकडेच आले होते. भर द्यायच्या दिवसांत. तू हातातलं खुरपं काढून घेतलंस. म्हणालीस, आई, तुम्ही सावलीला बसा, तुमच्याने उशीर होतो, मी करते पटापट."

थोरलीला आठवलं. ती तसं म्हणाली होती. तिने सावलीला गोणपाटही घालून दिलं होतं, पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि थोड्या वेळाने वळून बघितलं तर गोणपाट रिकामं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, बरं झालं, घरी जाऊन पडल्या असतील. आपण सासूची किती काळजी घेतो, असंही वाटलं होतं.

"मला वाटलं तुम्हाला त्रास होईल," ती म्हणाली.

"त्रास तर होतोच गं. बसलं तरी होतो."

सासूने काठी टेकली आणि उठायला लागली. थोरली लगबगीने पुढे झाली, तिचा दंड धरला, उठवलं. बाईचं अंग तिला वाटलं होतं त्याहून हलकं लागलं.

"आता पुढची लावणी माझ्या हातात आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही याल का माझ्याकडे? एखादी सरी करायला? मी पोतं अंथरून देईन."

सासूने तिच्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. बाई अगदी मनापासून कौतुकाने म्हणाली, "आता कशाला? तुला येतं की सगळं."

आणि तिने दाराकडे तोंड करून धाकटीला हाक मारली, कंबरेला तेल लावायला.